भाद्रपद पौर्णिमेची खीर

झुंबर गेल्याचं मला विंचूरला कळलं. एक्क्याऐंशी सालची भाद्रपद पौर्णिमा होती. माझी थोरली बहीण बयाबाई तिथे राहते. तिच्या घराची कौलं सरकली होती, ती नीट करायला मी आदल्या दिवशी गेलो होतो. दिवस कलायला लागला तेव्हा मी छपरावर होतो. गावात कांद्याच्या एका अडत्याकडे फोन होता. तिथला हमाल सोमा आला आणि खालून म्हणाला, "सावळीरामभाऊ, खाली या." मी म्हटलं, एवढी ओळ लावतो. तो म्हणाला, "नंतर लावा. आधी खाली या."

उतरलो तर त्याने माझा हात धरला. नाशिकरोडहून फोन आला होता, माझ्या मुलाचा. आई गेली, बाबांना पाठवा, एवढाच निरोप होता. मी विचारलं, कशाने गेली? सोमाला माहीत नव्हतं. मी पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठावं भाऊ, फोन शेठनं घेतला."

कशाने गेली, हे मी त्या दिवसापासून विचारत राहिलो.

मी नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, आमच्या प्रेसमधून, निवृत्त झालो त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे पोस्टाच्या तिकिटांचे कागद मोजून यायचे आणि मोजून जायचे. एक कागद कमी भरला तर खात्यातल्या कोणालाच घरी सोडत नसत. सुटताना फाटकावर रोज झडती. मी तिथे तीस वर्षं काढली. त्यामुळे कुठे काही जुळत नसलं की मला ते सोडून देता येत नाही. ही सवय चांगली की वाईट ते मला ठरवता आलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा सगळी कॉलनी दारात होती. झुंबरच्या अंगावर सकाळी विहारात नेसून गेलेली पांढरी साडीच होती. तोंड शांत होतं. माझा मुलगा आनंदा ओझरच्या कारखान्यात आहे, तो दुपारी कामावर होता. घरात फक्त सून होती, शालन. तिने सांगितलं, "मामा, आत्या विहारातून आल्या, झोपल्या, त्या उठल्याच नाहीत." डॉ. खैरनार येऊन गेले होते. त्यांनी कागदावर हृदय बंद पडलं असं लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला नेलं.

झुंबरला साखरेचा आजार होता, सहा-सात वर्षं. पण छातीचं तिला कधी काही नव्हतं. जिने चढायची, दळण डोक्यावरून आणायची. पावलांवर सूज यायची तेवढीच. म्हणून हृदयाचं मला पटलं नाही. 

मयतीनंतरच्या जलदान विधीच्या दिवशी घरात बायका बसल्या होत्या. मी मागच्या दारी हात धूत होतो. आमच्या दोन घरं पलीकडे शकुबाई राहते. ती विधवा आहे, मुलगा भुसावळला रेल्वेत. तिलाही साखर, आणि झुंबरची ती खास मैत्रीण. दोघी दवाखान्यात बरोबर जायच्या. तिचा आवाज मला ऐकू आला. ती दुसऱ्या बाईला हळू सांगत होती, "साखरेचं माणूस, अन् वाटीभर खीर खाल्ली. तीबी अष्टशील घेऊन, बारा वाजून गेल्यावर. मग काय व्हायचं?"

हे मला कोणी कानफटात मारावी तसं लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात दर पौर्णिमेला काही बाया अष्टशील घेतात. पांढरी साडी नेसायची, आणि बाराच्या आत एकदाच जेवायचं. बारा वाजले की दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत अन्न नाही. पाणी चालतं, औषध चालतं. त्या दिवशी विहारात खीर असते. आधी बुद्धमूर्तीपुढे ठेवतात, मग जेवण वाढतात.

झुंबर शील मोडणारी नव्हती. साखर निघाल्यापासून तिने लग्नातला लाडूसुद्धा हातात घेऊन पदरात बांधला, तोंडात घातला नाही. फक्त पौर्णिमेची खीर ती दोन घास खायची, धम्माची म्हणून. पण बारानंतर नाही. तरी ऐकल्यावर मला तिचाही संशय आला. वाटलं, खाल्ली असेल का? मी घरी नव्हतो, तिला कोण बघत होतं? जिवंतपणी मी तिच्यावर कधी संशय घेतला नाही, तो मेल्यावर घेतला. मग मला त्याचा राग आला, आणि तो राग दुसऱ्या कोणावर तरी काढायला मी माणूस शोधू लागलो.

ते माणूस घरातच सापडलं.

झुंबर विहारात जाताना कडीचा डबा न्यायची आणि खीर घरी आणायची. त्या दिवशीही नेला होता. मी विंचूरहून आलो तेव्हा तो डबा ओट्यावर घासून पालथा घातलेला होता. घरात मयत पडलेलं, शेजारच्या बाया आपापल्या घरून चहा आणत होत्या, चूल कोणी पेटवली नव्हती, आणि तेवढा एक डबा घासलेला. तेव्हा मी तो बघितला आणि विसरलो. आता आठवला. मी शालनला विचारलं, खीर कुठे गेली? ती म्हणाली, कोणती खीर? मी म्हटलं, डब्यातली. ती म्हणाली, डबा घासायचाच होता, म्हणून घासला. माझ्याकडे न बघता म्हणाली आणि आत गेली.

समोरच्या चिमाजीकडे मी सहज गेलो असं दाखवून गेलो. चिमाजी दिवसभर दारातल्या खाटेवर असतो, त्याचा पाय मोडलेला आहे. इकडचं तिकडचं बोललो. मग त्यानेच विषय काढला. म्हणाला, तुला सांगू नये, पण त्या दुपारी तुझ्या घरात आवाज चढला होता. वहिनी ओरडत होत्या, सूनही बोलत होती. कशावरून ते कळलं नाही. मग एकदम गप्प झालं.

शालनने मला भांडणाचं काही सांगितलं नव्हतं. झोपल्या आणि उठल्या नाहीत, एवढंच.

त्या दिवसापासून मी तिच्या हातचं जेवणं सोडलं. सकाळी स्टेशनजवळ चहा घ्यायचा, दुपारी तिथल्याच खानावळीत जेवायचं, रात्री भूक नाही म्हणायचं. शालन ताट वाढायची, झाकून ठेवायची, सकाळी गाईला घालायची. दोघंही काही बोलत नव्हतो. आनंदाला हे कळायला आठवडा लागला. कळल्यावर तो मला अंगणात घेऊन गेला. तो सहसा माझ्यापुढे बोलत नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही प्रेसमधून सुटलात, पण प्रेस काही तुमच्यातून सुटत नाही. घरातल्या माणसांची झडती घ्यायची असते का?" मी म्हटलं, मग तुझ्या बायकोला सांग, दुपारी काय झालं ते बोल म्हणावं. तो म्हणाला, ती रडते, बोलत नाही. मी म्हटलं, तेच तर.

मग मी डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात गर्दी संपेपर्यंत बाकावर बसलो. डॉ. खैरनार तरुण आहेत, मुंबईला शिकून आलेत. मनात त्यांचाही संशय होताच. होळीच्या सुमारास त्यांनीच झुंबरची गोळी बदलली होती. आधी ती दिवसातून तीनदा बारीक गोळी घ्यायची. नवी एकदाच घ्यायची, दिवसभर पुरते असं सांगितलं होतं. शकुबाईचीही तेव्हाच बदलली.

मी सरळ विचारलं, खीर खाऊन माणूस मरतं का?

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, वाटीभर खिरीने साखर वाढते, पण माणूस त्या दुपारी मरत नाही. वाढलेली साखर दिवस-दिवस घेते. मग म्हणाले, "खीर खाल्ली असती तर कदाचित..." आणि तिथेच थांबले.

मी म्हटलं, कदाचित काय? मी उठलो नाही. त्यांनी कंपाउंडरला घरी पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

मग त्यांनी मलाच विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी त्या जेवल्या होत्या का? घाम आला होता का? काही असंबद्ध बोलल्या का, चिडल्या का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, हे तुम्ही त्या दिवशी माझ्या सुनेला का नाही विचारलं? ते म्हणाले, मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मी म्हटलं, मग हृदय का लिहिलं? ते म्हणाले, शेवटी बंद पडतं ते हृदयच. रक्त तपासलेलं नव्हतं, दुसरं काही लिहायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

हे उत्तर मला आवडलं नाही. पण पुढचं त्यांनी समजावून सांगितलं, ते मला कळलं तसं लिहितो.

पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातून इन्सुलिन निघतं. आपण जेवतो त्याची साखर रक्तात येते, ती अंगात जिरवायचं काम इन्सुलिनचं. वय झालं की ते कमी पडतं, किंवा अंग त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. लोकांना वाटतं गोळी साखर खाऊन टाकते. तसं नाही. गोळी स्वादुपिंडाला पिळते आणि जास्तीचं इन्सुलिन बाहेर काढते. पोटात अन्न आहे की नाही हे गोळीला कळत नाही. अन्न नसलं तरी ती पिळत राहते, आणि साखर खाली खाली जाते. मेंदूला दुसरं काही चालत नाही, त्याला साखरच लागते.

मी विचारलं, मग उपास करणारे सगळेच मरायला पाहिजेत. ते म्हणाले, तरुण माणसाची साखर उतरली तर शरीर गप्प बसत नाही. इन्सुलिनसारखीच दुसरी हार्मोन्स असतात, उलट काम करणारी. ती सुटतात. छाती धडधडते, हात कापतात, कडकडून भूक लागते. माणूस घाबरून काहीतरी खातो आणि वाचतो. उतारवयात ही हार्मोन्स कमी पडतात. इशारा उशिरा येतो, कधी येतच नाही. माणूस एकदम चिडतो, बरळतो आणि झोपी जातो. त्यातून झुंबरच्या पायांना सूज होती, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं असावं. ही गोळी लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असलं की कालची गोळी अंगात शिल्लक, त्यावर आजची.

"हे सगळं माहीत होतं तर तुम्ही तिला ती दिलीत कशाला?" मी म्हटलं.

ते म्हणाले, आधीच्या गोळ्यांतली दुपारची गोळी झुंबरबाई विसरायच्या. दर वेळी तपासणीच्या नळीतल्या निळ्या पाण्यात लघवी घालून तापवली की ते विटेसारखं लाल व्हायचं, म्हणजे साखर जास्त. नव्या गोळीने निळंच राहिलं, सगळ्यांना आनंद झाला. मलाही. पण त्या तपासणीत साखर जास्त आहे का तेवढंच कळतं. कमी पडते आहे का, ते कळत नाही.

ते निळं पाणी मला आठवलं. झुंबर घरी येऊन सांगायची, आज निळं आलं, जसा काही शाळेत नंबर आला. मी निघालो. ते दारापर्यंत आले. म्हणाले, सावळीरामजी, हे असंच झालं असं मी खात्रीने म्हणत नाही. घरी विचारा.

घरी गेलो. शालन तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो. आवाज चढवला नाही. डॉक्टरांनी मला जे विचारलं तेच तिला विचारलं, त्यांच्याच शब्दांत. घाम आला होता का?

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मामा, पदर पिळून काढावा इतका."

मग ती बोलायला लागली, आणि मला पुढे काही विचारावं लागलं नाही. झुंबर दीडच्या सुमाराला आली. डबा ओट्यावर ठेवला. नीट चालत नव्हती, भिंत धरत होती. शालनला वाटलं ऊन लागलं. तिने वारा घातला. झुंबर तिला अक्काबाई म्हणून हाक मारायला लागली. अक्काबाई म्हणजे झुंबरची सावत्र आई, कधीच मेलेली. लहानपणी ती झुंबरला उपाशी ठेवायची हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणाल्या, अक्काबाई, भाकर दे, भूक लागली. मी म्हटलं, आत्या, मी शालन. त्या म्हणाल्या, भाकर लपवून ठेवतीस, मला माहीत आहे. ओरडायलाच लागल्या. मी म्हटलं, आत्या, तुमचं शील आहे, बारा वाजून गेलेत, आता खाल्लं तर उद्या तुम्हीच मला बोलाल. भाकरीची दुरडी उचलून वर फळीवर ठेवली मी. मग त्या रडल्या, अन् झोपल्या. घोरत होत्या. मला बरं वाटलं, झोप लागली म्हणून."

ती माझ्याकडे बघत होती. मी काही म्हणावं म्हणून बघत असेल. मी सुपातले दोन खडे वेचून बाजूला ठेवले.

मग तिने डब्याचंही सांगितलं. झुंबर उठत नाही असं दिसल्यावर ती डॉक्टरांना आणायला धावली. आल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. लोक जमायला लागले. तेव्हा तिने डबा उघडला तर खीर होती तशी होती, वरची साय मोडलेली नव्हती. विहारातली खीर टाकून देणं बरं दिसणार नाही, आणि मयताच्या घरात ती खाणार कोण? तिने ती मोरीत ओतली, पाणी सोडलं आणि डबा घासून ठेवला. कोणी बघू नये म्हणून घाईत. त्यानंतर बाहेर जे बोललं जाऊ लागलं ते तिनेही ऐकलं होतं. पण डब्याचं सांगायचं तर भाकरीचंही सांगावं लागलं असतं.

मी विचारलं, आनंदाला सांगितलंस? तिने मान हलवली, नाही.

त्या रात्री मी शालनच्या हातचं जेवलो. आनंदाने भाजीला मीठ जास्त झालंय म्हणून कुरकूर केली. मी म्हटलं, चांगली झालीय.

पण हिशेब अजून लागत नव्हता. विहारात जेवण बाराच्या आत असतं. झुंबर जेवून घरी आली असायला हवी होती. आणि साय न मोडलेली खीर डब्यात होती, तर शकुबाईने वाटीभर खाल्ली असं का सांगितलं?

विहाराचा स्वयंपाक कुसाबाईकडे असतो. मोठ्या आवाजाची बाई, तिला काही लपवता येत नाही. मी गेलो तर म्हणाली, या भाऊ, जयभीम, मी तुमचीच वाट बघत होते, कधी येता म्हणून. त्या दिवशी दूध नासलं होतं. पहिलं पातेलं उकळताच फाटलं. मग दुसरं दूध आणायला देवळालीपर्यंत माणूस पाठवला. खीर मूर्तीपुढे ठेवल्याशिवाय पंगत वाढायची नाही असा आमचा रिवाज. सगळ्या थांबल्या. खीर तयार झाली तेव्हा बारा होऊन गेले होते. अष्टशीलवाल्या बाया मागे सरकल्या, शकुबाईसारख्या बाकीच्या जेवायला बसल्या. भंते समंजस होते, ते म्हणाले, जे आजारी असतील त्यांनी संकोच न करता जेवावं. दोघी-तिघी पुढे आल्या. झुंबर नाही आली.

"मी हाताला धरून म्हटलं, झुंबर, तुला साखर हाय, तू जेव. तर म्हणती कशी, साखर झाली म्हणून मी काय आजारी हाय का? उलटी मलाच हसली, म्हणती, तुझं दूध नासलं त्याचं पाप माझ्या पोटात कशाला? डब्यात दे थोडी, घरी नेते."

म्हणजे सकाळच्या चहावर झुंबर दिवसभर होती. कुसाबाई अजून थांबली नव्हती. ती म्हणाली, अन् गोळ्याही घेतलेल्या, त्याचं मला मागून वाईट वाटलं. मी म्हटलं, गोळ्या? एकच असते ना? ती म्हणाली, "रोजची एक. पण खीर खायची म्हणून अजून एक घेतली ना. पंगतीआधी विहाराच्या नळावर दोघींनी मिळून घेतली, शकुबाईनं अन् तिनं. गोड खायचं असलं की शकुबाई जास्तीची घेते, तिनंच पदरातून काढून दिली. आमच्यात सगळ्याच तसं करतात, भाऊ. लग्नाला जायचं तर एक गोळी जास्तीची."

शकुबाईकडे जाताना मी मनात बरंच काही जुळवलं होतं. बोलायचं काय, कसं पकडायचं. तीस वर्षं मी फाटकावर लोकांना पकडलेलं बघितलं आहे. तिने दार उघडलं आणि मला बघून तिला कळलं. बसा म्हणाली नाही. मीही बसलो नाही.

मी म्हटलं, तुम्ही तिला तुमची गोळी दिलीत.

ती म्हणाली, "साखरेचीच होती भाऊ. विष नव्हतं. डॉक्टर तोच, गोळी तीच. मीबी घेतली, तिच्यासमोर. मला का नाय काही झालं?"

मी म्हटलं, कारण तुम्ही जेवलात. तुमचं शील नव्हतं. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मी तिला सांगितलं, जमेल तसं. पोटात काही नसलं तरी गोळी पिळत राहते, आणि आपल्या वयात अंग ओरडून सांगत नाही. तिने सगळं ऐकलं. चौकटीला धरून उभी होती. मग मी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. खीर तिने खाल्ली नव्हती, तुमच्यासमोर नाही म्हणाली. मग खाल्ली असं का सांगत फिरलात?

ती म्हणाली, "खीर खाल्ली म्हटलं की लोक पुढं काय विचारत नाय. नाय खाल्ली म्हटलं तर विचारतील, मग कशानं गेली? मग नळावरचं निघालं असतं."

मी म्हटलं, तिने शील मोडलं असं सगळी कॉलनी म्हणते आहे. तुमच्यामुळे.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी रोज ऐकते."

तिचं घर मी बघितलं. एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली गोळ्यांची डबी आणि पाण्याचा तांब्या. या बाईने झुंबरचं वाईट चिंतलं असेल का, हे मी पुष्कळ फिरवून बघितलं. नाही. झुंबरला खीर खाता यावी म्हणून तिने आपली गोळी दिली. शालनने झुंबरचं शील राहावं म्हणून भाकरी वर ठेवली. डॉक्टरांनी साखर ताब्यात राहावी म्हणून गोळी बदलली. मला एक माणूस पाहिजे होता, आणि तो मिळत नव्हता.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. मी विहारात गेलो. मनाशी ठरवलं होतं की सगळ्यांसमोर बोलायचं. गाथा झाल्या. कुसाबाईने या वेळी दूध आदल्या रात्रीच तापवून ठेवलं होतं, खीर लवकर झाली. शकुबाई बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती. वाढप सुरू झालं तसा तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला. मी उठलो, तिच्यासमोर गेलो आणि हात पुढे केला. तिने वर बघितलं. गाठ सोडून गोळी माझ्या तळहातावर ठेवली. शेजारची बाई बघत होती, तिला काही कळलं नाही. शकुबाईने मग दोन घासच खीर खाल्ली आणि वाटी सरकवून ठेवली.

जेवणं झाल्यावर भंतेंनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मी उठून उभा राहिलो. समोर शालन होती, शकुबाई होती. झुंबरने खीर खाल्ली नाही, एवढंच मला सांगायचं होतं. पण तेवढ्यावर लोक थांबणार नाहीत. शकुबाई म्हणाली होती तसंच विचारतील, मग कशाने? मग नळावरची गोळी येणार आणि फळीवरची दुरडीही येणार. शालन मान खाली घालून बसली होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी डॉक्टरांना इथे बोलवावं, साखरेच्या माणसांनी उपास कसा करायचा ते सांगायला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली बसलो.

या गोष्टीला आता वर्ष झालं. शकुबाईचं मला भेटल्यावर जयभीम घालणं चालू आहे, मीही घालतो. शालनने आनंदाला भाकरीचं सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विहारात बोलवायचं राहिलं आहे. आणि झुंबरने शील मोडलं नव्हतं, हे मी अजून कॉलनीत कोणाला सांगितलेलं नाही.